उपग्रहाचा षड्ज कोण लावतो?

गेल्या वैशाखात माझ्या एका शिष्याच्या धाकट्या भावाची मुंज होती. त्या निमित्ताने बऱ्हाणपुरास जाण्याचा योग आला. यजमानांचे घराणे तापीकाठी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले. माजघरात मराठी, अंगणात निमाडी आणि मंडीत हिंदी, अशा तीन बोलींत सहज वावरणारी ही माणसे. उत्पन्नाचे साधन एकच, केळीची बाग. रात्री पंगती उठल्यावर आम्ही गच्चीवर वाऱ्याला बसलो होतो. गप्पा गाण्याच्या चालल्या होत्या, पण यजमानांचे चित्त काही गाण्यात नव्हते. अखेर त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"मास्तर, हे जरा पाहा. ही आपली बाग, वरून उपग्रहाने टिपलेली. हे मागल्या वैशाखातले चित्र आणि हे यंदाचे. मागे सारे हिरवेगार. यंदा हा खालच्या अंगाचा तुकडा पिवळट दिसतो. मुलगा म्हणतो, बाग बसली. मी म्हणतो, बाग आहे तशीच आहे, त्या यंत्राचाच डोळा म्हातारा झाला असेल. माझा नाही का झाला? आता तुम्हीच सांगा, खरे कोणाचे?"

मी पडलो गाण्याचा मास्तर. उपग्रहाचे मला काय कळणार, असे म्हणून प्रश्न टाळता आला असता. पण प्रश्न माझ्या चांगल्याच ओळखीचा निघाला. लहानपणी तो मी वडिलांच्या तोंडून ऐकला होता.

वडील दरबारच्या पदरी गाणारे. संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यांच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेला एक पोलादी नादकाटा असे. राजवाड्याच्या बँडमास्तराने तो त्यांना दिला होता. रोजच्या रियाजाला ते तो कधी काढीत नसत. दसऱ्याला आणि पाडव्याला, असा वर्षातून दोनदाच तो बाहेर निघे. एकदा मी विचारले, "रोज का नाही काढत?" ते म्हणाले, "रोजचा तानपुरा माणसाला फसवतो बरे. उकाड्यात तो जरासा उतरतो, त्याच्या संगतीने आपला गळाही उतरतो आणि मग दोघे मिळून ग्वाही देतात की सूर अगदी बरोबर आहे. म्हणून एक साक्षीदार घराबाहेरचा हवा. आणि साक्षीदाराला रोज राबवले की तोही घरातलाच होतो."

पुढे मी जेव्हा उपग्रहांच्या यंत्रांविषयी वाचले, तेव्हा मला मौज वाटली. अवकाशात फिरणारे डोळे खरे राखण्याची जी विद्या आहे, तिचे सारे मर्म वडिलांच्या त्या दोन वाक्यांत आलेले होते. शास्त्रज्ञ त्या विद्येला कॅलिब्रेशन म्हणतात. आपण सूर लावणे म्हणू.

प्रथम हा डोळा पाहतो काय, ते समजून घेऊ. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो. त्यातला काही जमीन, पाणी आणि पाने शोषून घेतात, उरलेला परत उसळतो. परत आलेला हा प्रकाश रंगारंगांच्या पट्ट्यांत विभागून मोजणे, एवढेच उपग्रहावरील यंत्राचे काम. हिरवे, सशक्त पान तांबडा प्रकाश अन्न करण्यासाठी गिळून टाकते. तांबड्याच्या पलीकडला, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र ते भरभरून परतवते. पान सुकू लागले की ही तफावत कमी होते. तेव्हा दोन्ही प्रकाशांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवाईचा अंक निघतो. उदाहरणादाखल, एखाद्या शेतातून तांबडा प्रकाश १० टक्के आणि अवरक्त ३० टक्के परतला, तर वजाबाकी २०, बेरीज ४०, म्हणून अंक ०.५०. यजमानांच्या मोबाइलवरचे रंग ह्याच अंकाचे होते.

आता समजा, शेत आहे तसेच आहे, पण यंत्राचा अवरक्त पाहणारा भाग दहा टक्क्यांनी मंद झाला. त्याला ३० च्या ऐवजी २७ च दिसतील. वजाबाकी १७, बेरीज ३७ आणि अंक सुमारे ०.४६. एक पानही वाळलेले नाही, तरी कागदावर बाग उतरली! यजमानांची शंका म्हणूनच भाबडी नव्हती. शास्त्रज्ञांना गेली कित्येक दशके तीच शंका छळत आली आहे.

इथे कोणी संगीताचा जाणकार म्हणेल की, आमच्या गाण्यात षड्ज कुठे बांधलेला असतो? ज्याचा गळा तसा त्याचा षड्ज. सूर एकमेकांशी जुळले म्हणजे झाले. हे खरेच आहे, आणि एका मैफलीपुरते ते पुरतेही. उपग्रहाच्या एका चित्रापुरतेही ते पुरते: हे शेत त्या शेताहून हिरवे आहे, एवढे सांगायला बाहेरचा साक्षीदार लागत नाही. पण आजची मैफल आणि चाळीस वर्षांपूर्वीची मैफल ताडून पाहायची झाली, की अडचण उभी राहते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या तबकड्या असतील. फार जुन्या काळी त्या सगळ्या एकाच वेगाने भरल्या जात नसत आणि आज आपण त्या कोणत्या वेगाने वाजवू त्यावर सूर चढतो किंवा उतरतो. मग एखाद्या गायकाचा आवाज खरोखरीच इतका उंच होता, की ही तबकडीची करामत, असा वाद रंगतो. आणि तो मिटत नाही, कारण त्या दिवशीच्या षड्जाची नोंद कोणी ठेवलेली नसते. हिमालयाचे बर्फ, समुद्राचा रंग, सातपुड्याचे जंगल ह्यांत चाळीस वर्षांत काय फरक पडला, असे जेव्हा आपण उपग्रहाला विचारतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक वर्षाच्या षड्जाची नोंद हाती असावी लागते.

उपग्रह आकाशात जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत त्याचा सूर लावतात. आतून पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या पोकळ गोलात दिवे लावले की आत सर्वत्र सारखा प्रकाश भरतो. त्या ज्ञात प्रकाशाकडे यंत्राला पाहायला लावून कोणत्या उजेडाला कोणता आकडा निघतो, ते लिहून ठेवतात. पण मग रॉकेटचा हादरा बसतो. पुढे निर्वात पोकळी, कडक ऊन, कडक गारठा आणि अतिनील किरणांचा अखंड मारा. यंत्राच्या अंगातूनच निघालेल्या वाफेची पुटे भिंगांवर बसतात. २०११ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने सोडलेल्या सुओमी एनपीपी ह्या उपग्रहाच्या आरशांवर टंगस्टन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढलेला निघाला. ऊन लागताच तो काळवंडू लागला आणि अवरक्त पट्ट्यातली नजर भराभर मंदावली. हे वेळीच ध्यानात आले ते केवळ उपग्रहाबरोबर साक्षीदार धाडलेला होता म्हणून.

हा साक्षीदार म्हणजे एक पांढरी पाटी. नॉनस्टिक तव्याला ज्या जातीचा लेप असतो, त्याच जातीच्या पदार्थाची ती केलेली असते. तिच्यावर सूर्याचे ऊन घेऊन यंत्राने तिच्याकडे पाहायचे. अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याच्या एकूण प्रकाशात फरक पडतो तो अवघा ०.१ टक्क्याच्या आसपास. तेव्हा पाटी तीच, सूर्य तोच, आणि आकडा उतरला तर दोष यंत्राचा. युक्ती नामी खरी, पण पाटीही शेवटी उन्हात बसलेली. तीही पिवळी पडते. तेव्हा तिच्यावर नजर ठेवायला आणखी एक छोटे यंत्र बसवतात. ते एकदा सूर्याकडे आणि एकदा पाटीकडे पाहून दोघांचा ताळा घेते. म्हणजे साक्षीदाराचाही साक्षीदार आला.

२०१३ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या लँडसॅट-८ वर तर दोन पाट्या आहेत. एक नेहमीच्या कामाची, साधारण आठवड्याला एकदा उन्हात येणारी; दुसरी झाकून ठेवलेली, वर्षातून दोनदाच उघडायची. वर्षातून दोनदा! हे वाचले तेव्हा वडिलांच्या ट्रंकेतला नादकाटा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

दुसरा साक्षीदार कोण असेल, ते वाचकांनी ओळखलेच असेल. तो कोजागरीला आपल्या दुधाच्या पातेल्यात उतरतो. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, गवताची काडी नाही. त्याच्या पृष्ठभागाची उजळता वर्षाला दहा कोटींत एक भाग इतकीही बदलत नसावी, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. मात्र तो लहरी आहे. कलेकलेने त्याचा प्रकाश बदलतो, तो किंचित डोलतो, आणि ऐन पौर्णिमेला त्याचे तेज एकाएकी वाढते. ह्या लहरींचे गणित बसवण्यासाठी अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावी दुर्बिणी लावून आठ वर्षे चंद्राची मापे घेतली गेली. १९९७ साली गेलेला, समुद्राचा रंग पाहणाऱ्या सीविफ्स यंत्राचा उपग्रह दर महिन्यास एकदा आपले सारे अंग वळवून चंद्राकडे तोंड करीत असे, आणि तेही पौर्णिमा जराशी टाळून. २०१० साली तो थकून बंद पडेपर्यंत त्याने हे व्रत चालवले.

तिसरा साक्षीदार ही आपली धरित्रीच. लिबियाच्या वाळवंटात वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. शास्त्रज्ञ त्यास 'लिबिया ४' म्हणतात. ढग क्वचित, हिरवळ नाही, वस्ती नाही. जगभरचे उपग्रह त्याच्यावरून जाताना आपापला आकडा ताडून पाहतात. ज्या भूमीत काही पिकत नाही, तिचा असा उपयोग होईल हे कोणाच्या ध्यानीमनी असेल?

आपल्याकडे हे काम कच्छच्या रणाने केले आहे. नित्य कामासाठी सोडलेला आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून निघाला. आपल्या उपग्रहांचे कॅमेरे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात घडतात. पुण्यात जन्मलेले आणि बडोद्याच्या शाळेत शिकलेले प्रमोद काळे हे ह्या केंद्राचे संचालक होऊन गेले, ही आपणा मराठी मंडळींस अभिमानाची गोष्ट. इथली माणसे रणातल्या पांढऱ्या, सपाट, मिठागरासारख्या भूमीवर यंत्रे घेऊन जातात. उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ ठरलेली असते. रिसोर्ससॅट जातीच्या उपग्रहांची ती सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्या घटकेला खाली उभे राहून जमिनीवरून किती प्रकाश उसळतो, हवेत धूळ किती, बाष्प किती, हे सारे मोजायचे. त्यावरून वर किती प्रकाश पोहोचला असेल, त्याचा हिशेब करायचा आणि उपग्रहाने सांगितलेल्या आकड्याशी तो जुळतो का, ते पाहायचे. समुद्राचे काम त्याहून नाजूक. वर पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नऊ दशांश हवेनेच उसळवलेला असतो. पाण्याचा वाटा उरलेला. त्यासाठी लक्षद्वीपातल्या कवरत्ती बेटाजवळ समुद्रात तरंगती यंत्रे ठेवून ओशनसॅट उपग्रहाची परीक्षा घेतली गेली.

आणि चौथा साक्षीदार म्हणजे जुळा भाऊ. २०२१ च्या सप्टेंबरात लँडसॅट-९ वर गेला. आपल्या कायमच्या जागी जाता जाता नोव्हेंबरात तो काही दिवस वडील भावाच्या, म्हणजे लँडसॅट-८ च्या, खालून गेला. तेवढ्या अवधीत दोघांनी एकच भूमी जवळजवळ एकाच वेळी पाहिली आणि धाकट्याचा सूर थोरल्याच्या सुराशी मिळवून घेतला गेला. जुगलबंदीला बसण्यापूर्वी दोन गवई तानपुरे मिळवतात, त्यातलाच हा प्रकार.

इतके साक्षीदार कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर टेरा नावाच्या उपग्रहाच्या कहाणीत आहे. १८ डिसेंबर १९९९ रोजी तो निघाला. त्याच्यावर मोडिस नावाचे यंत्र होते. साऱ्या पृथ्वीची हिरवाई दररोज मोजणारे. त्याच्या पांढऱ्या पाटीला एक दार होते, काम नसेल तेव्हा पाटी झाकून ठेवणारे. २००३ साली त्या दाराने दगा दिला. पुढे कायमचे मिटून बसेल ह्या भीतीने ते उघडेच ठेवावे लागले. मग पाटी सारखी उन्हात. ती अधिक वेगाने पिवळी पडू लागली, आणि निळ्या प्रकाशात सर्वांत जास्त. पाटीची झीज मोजली जात होती, तरी यंत्राची स्वतःची निळ्या पट्ट्यातली उतरण हिशेबात पुरती धरली गेली नाही. निळ्या प्रकाशावरून हवेतली धूसरता जोखतात आणि ती वजा करून मग हिरवाईचा अंक काढतात. तिथेच मेख बसली. वर्षामागून वर्षे टेरा सांगत राहिला की हिरवाई ओसरते आहे. शंका आली ती जुळ्या भावामुळे. २००२ साली गेलेल्या ॲक्वावर तसलेच यंत्र होते आणि त्याला ती ओहोटी तशी दिसत नव्हती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उलगडा केला: टेराने दाखवलेल्या ओहोटीचा मोठा भाग जमिनीवरचा नव्हताच, तो डोळ्यातला होता.

ह्या गोष्टीतला पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. यंत्राने दिलेले मूळचे कच्चे आकडे पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेले होते. वाळवंटांच्या साक्षी काढून दुरुस्तीचे नवे गणित मांडले गेले आणि मागच्या साऱ्या वर्षांचा हिशेब नव्याने केला गेला. उतरलेल्या सुरात झालेली मैफल आम्हां गाणाऱ्यांना परत लावता येत नाही. ह्या मंडळींना ती सोय आहे, पण मूळ बाड जपले तरच. नुसता शेवटचा निष्कर्ष ठेवून कच्चे कागद फेकून दिले असते, तर ती चूक कायमची इतिहास होऊन बसली असती.

ह्याचा शेतकऱ्याशी संबंध काय? फार जवळचा आहे. २०१४ साली केंद्र सरकारने 'चमन' नावाची योजना काढली. बागायती पिकांचे क्षेत्र उपग्रहाने मोजायचे, आणि त्या पिकांत केळीही आली. २०२३ च्या खरिपापासून पीकविम्यात भात आणि गहू ह्यांच्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना किमान ३० टक्के भार ह्या नव्या पद्धतींवर आला; पुढल्या वर्षी त्यात सोयाबीनची भर पडली. म्हणजे ज्या आकड्यावर घरात येणारा पैसा ठरायचा, तो ठरवण्यात आता ह्या डोळ्याचाही वाटा आहे. पूर्वी मंडीत वजनमापांवरचा सरकारी शिक्का पाहून मगच लोक माल तोलू देत. आकाशातल्या मापावरचा शिक्का शेतकऱ्याला दिसत नाही, म्हणून तो कोण आणि कसा मारतो, हे त्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हे सारे त्या रात्री मी माझ्या मगदुराप्रमाणे यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे माझे म्हणणे खरे असू शकते तर!" मी म्हणालो, "असू शकते. पण तुमच्या मोबाइलवरचे चित्र सेंटिनेल-२ ह्या युरोपच्या उपग्रहाचे दिसते. त्याच्याबरोबरही पांढरी पाटी आहे. तरीही शंका असेल, तर आपणच एक साक्षीदार काढू. गावात असे काय आहे की जे वर्षभरात बदललेले नाही?" मुलाने क्षणभर विचार केला आणि गिरणीच्या मोठ्या छपरावर बोट ठेवले. मग उजाड, खडकाळ माळाच्या एका तुकड्यावर. दोन्ही वर्षांच्या त्याच सुमाराच्या, निरभ्र दिवसांचे आकडे काढले. छपराचे जवळजवळ तेच, माळाचेही तेच. बागेच्या वरच्या अंगाचेही फारसे हललेले नव्हते. उतरला होता तो फक्त खालचा तुकडा. ही काही शास्त्रज्ञांची परीक्षा नव्हे, हे मी स्पष्ट सांगितले. पण डोळा म्हातारा झाला असता, तर छप्परही त्याला मळकट दिसले असते. यजमान काही बोलले नाहीत. मोबाइल मिटून ते झोपायला गेले.

सकाळी उठलो तो ते बागेकडे निघून गेलेले. मी शिष्याला घेऊन जामा मशीद पाहायला गेलो. फारुकी सुलतान आदिलशहाने बांधलेल्या ह्या मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात बांधणीचा काळ दिला आहे तो एकाच रीतीने दिलेला नाही. विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष मास. शिवाय तिथी, वार, नक्षत्र. इतका तपशील कशाला, असे पूर्वी मला वाटे. त्या दिवशी मात्र त्या अक्षरांपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. कारागिराच्या छिन्नीने एखादा आकडा चुकला असता, तर बाकीच्यांनी त्याची चूक दाखवली असती. संवत शकाचा साक्षीदार, शक संवताचा, आणि तिथी-नक्षत्राच्या रूपाने चंद्र दोघांचाही. चारशेहून अधिक वर्षांनंतर तो लेख वाचणाऱ्याला इसवी सन १५९० च्या जानेवारीपर्यंत नेमके पोहोचता येते, ते त्यामुळेच.

परतलो तेव्हा यजमान ओसरीवर पाय धूत होते. हात चिखलाने भरलेले. मला पाहून म्हणाले, "मास्तर, खालच्या अंगाची ठिबकची नळी गाळाने चोंदली होती. वरून सारे ठीक दिसत होते. पाणी मात्र निम्मेही पोचत नव्हते. किती दिवस झाले, देव जाणे." मग मुलाकडे वळून ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी ते चित्र पुन्हा काढ रे. आणि ते गिरणीचे छप्परही काढ बरोबर."